चिमट्याचा ठोका

कोटली ढाब, डेरा बाबा नानकजवळ
१४ मग्घर (नोव्हेंबर), १९६९

बेबे,

थोरल्या बहिणीला सत श्री अकाल. तुझं कार्ड मिळालं. बाबा नानकजींचा पाचशेवा जन्मदिन आमच्या कोटलीत कसा साजरा झाला, असं विचारलंयस. थाटात झाला. आख्ख्या गावाने भिंतींना चुना फासला, बैलांची शिंगंसुद्धा रंगवली. लंगरात तीन दिवस चूल विझली नाही. तुझ्या वहिनीने इतक्या पोळ्या लाटल्या की अजून तिचं मनगट दुखतंय, आणि ते ती मला रोज सांगते.

ग्रंथसाहेबांच्या अखंड पाठाला वाचणारे बारा पाठी होते. अठ्ठेचाळीस तास आवाज कुठे तुटला नाही. माझी पाळी नेहमीसारखी दुपारची, बारा ते दोन. पस्तीस वर्षं ती माझीच आहे. माझ्यानंतर उजागर सिंग बसला.

पण एक गालबोट लागलं. माई अतर कौर तुला आठवत असेल, कानाने अधू, पण अगदी पुढे, पोथी मांडीवर घेऊन ओळीओळीवर बोट फिरवत बसते ती. समाप्ती झाल्यावर ती गुरुद्वारा कमिटीच्या प्रधानांसमोर उभी राहिली आणि म्हणाली, ग्रंथसाहेबांची दोन अंगं, दोन पृष्ठं, वाचलीच गेली नाहीत. कुणीतरी एकाऐवजी दोन पानं एकदम उलटली होती, मधलं राहून गेलं. जागा नेमकी आमच्या पाळीबदलाच्या आसपासची. आपली रीत तुला ठाऊकच आहे, नवा पाठी शेजारी येऊन बसतो, दोघं एकदोन ओळी एका सुरात म्हणतात आणि मग पहिला उठतो. माईची ओळ हरवली, ती शोधत बसली, आणि सापडली तेव्हा उजागर वाचत होता. मग पान उलटलं कुणी हे तिला सांगता येईना.

कमिटीने दोघांना पुढे बोलावलं. मी तोंड उघडण्याआधीच सगळे उजागरकडे बघू लागले. तो बसल्या जागी पेंगतो हे गावाला माहीत आहे. त्यानेही मान खाली घातली. यापुढे पाठाला येऊ नकोस, असं त्याला सांगितलं.

पाचशे वर्षांचा दिवस आणि त्यात आमच्या गावाचा पाठ अपुरा. मला झोप नाही. पहाटे उठून अंगणात फेऱ्या घालतो. रानात जातो तर उसाच्या फडापाशी कशाला आलो तेच आठवत नाही. भाऊजींना सत श्री अकाल सांग.

तुझा,
संतोख


सुलतानपूर लोधी
२७ मग्घर, १९६९

संतोख वीरा,

पत्र मिळालं. मी दोनदा वाचलं, मग तुझ्या भाऊजींना वाचून दाखवलं, मग एकटीने परत वाचलं.

इथेही म्हणशील तर गर्दी इतकी होती की बेईं नदीच्या घाटावर पाय ठेवायला जागा नव्हती. ज्या पाण्यात बाबाजी उतरले आणि तीन दिवस सापडले नाहीत, तिथे लोक एकमेकांना ढकलत अंघोळी करत होते. मी लांबूनच हात जोडले. आमच्या आळीतल्या बायकांनी मला पुढे ढकललं, म्हणे, 'बेबे, तू तर बाबाजींच्या बहिणीच्या, नानकीच्या गावची सून, तुझा मान पहिला.' मी म्हटलं, माझा भाऊ काही नानक नाही, उसाची पाचट जाळतो आणि बायकोशी भांडतो.

आता कामाचं. उजागर चुकला, उजागरला घालवला. मग फेऱ्या तू का घालतोयस? फडापाशी कशाला गेलास हे तू का विसरतोयस? पेंगणाऱ्या माणसासाठी एवढी तळमळ मी तुझ्यात कधी पाहिली नव्हती. तुझा कडक स्वभाव मला ठाऊक आहे. तू तर त्याला दोन शब्द सुनावून निवांत झोपला असतास.

आणि दुसरं. तुझं अक्षर म्हणजे पट्टीने आखलेलं. वडील तेच दाखवून मला टोमणे मारायचे. या पत्रात चौथी ओळ तिसरीच्या डोक्यावर चढली आहे. खाली तर दोन ओळी एकमेकींत शिरल्यात, मला उजेडात धरून वाचाव्या लागल्या. दिवा बारीक करून लिहिलंस का? की डोळे?

खरं लिही.

तुझी बेबे,
ईशर कौर


कोटली ढाब
१२ पोह (डिसेंबर), १९६९

बेबे,

तुला दर गोष्टीत वाकडं दिसतं. हात गारठला होता म्हणून ओळी वाकड्या झाल्या, एवढंच. इथे थंडी किती आहे याची तुला सुलतानपुरात बसून कल्पना नाही.

डोळ्यांना काही झालेलं नाही. परवाच सकाळी रावीच्या बांधावर गेलो होतो. सरहद्दीपलीकडे करतारपूरच्या गुरुद्वाऱ्याचा घुमट दिसला, अगदी तळहातावर ठेवल्यासारखा स्वच्छ. जिथे बाबाजींनी स्वतः नांगर धरला, ती जमीन बघितली, हात जोडले आणि परत आलो. बरोबर गावातली चार माणसं होती, त्यांना विचार हवं तर.

उजागर गाव सोडून गेला. बटाल्याच्या बाजूला कुठल्या वीटभट्टीवर कामाला लागलाय म्हणतात. त्याची बायको विहिरीवर आली की तुझी वहिनी दिसताच घागर अर्धीच भरून निघून जाते. आता यात माझा काय दोष? कमिटीने ठरवलं, मी नाही.

तू लहानपणापासून अशीच. वडील मला पाठ शिकवायचे आणि तू चुलीपाशी बसून पीठ मळायचीस. मी चुकलो की वडील बोलायचे नाहीत, तूच चिमटा चुलीवर आपटायचीस. एक ठोका म्हणजे मागे जा, ओळ परत म्हण. वडिलांची छडी बसायची मला आणि तू पोळी उलटायचीस. आता साठी उलटली तरी तुझा चिमटा थांबत नाही.

संतोख


सुलतानपूर लोधी
२५ पोह (जानेवारी), १९७०

संतोख,

पोहात घुमट दिसला?

तुझं पत्र आलं त्या आठवड्यात इथे धुकं असं होतं की तुझे भाऊजी अंगणातल्या म्हशीला धडकले. अमृतसरहून येणारा जावई म्हणाला, गाड्या दोन-दोन तास उशिरा, ड्रायव्हरला रूळ दिसत नाहीत. रावीच्या काठावर तर याहून दाट असतं, मी तिथेच वाढले आहे. पोहात त्या बांधावर उभं राहिलं तर स्वतःचे जोडे दिसत नाहीत. ते चौघं नुसतं पलीकडे बघून हात जोडत असतील, कारण घुमट तिथे आहे हे सगळ्यांना माहीत आहे. तू मात्र म्हणालास, 'दिसला.' ज्याला दिसतं, तो म्हणाला असता, 'आज धुकं आहे.'

वीरा, तुला धुकं आहे हेही कळलं नाही. कारण तुझ्यासाठी आता रोजच धुकं आहे. बरोबर?

मी तुला रागवायला बसले होते. तेवढ्यात आज तव्यावर फुलका टम्म फुगला आणि मला बेबे नानकीची गोष्ट आठवली. फुलका फुगला की तिला भावाची आठवण यायची, आणि मान वर केली की बाबाजी दारात उभे. माझा फुलका रोज फुगतो. दारात दूधवाला असतो. तेव्हा राग बाजूला ठेवून मी तुला माझी एक गोष्ट सांगते, जी पन्नास वर्षांत कुणाला सांगितली नाही. भाऊजींनाही नाही.

ते ठोके निम्मे खोटे होते.

तू चुकायचास, पण तितका नाही. पुष्कळदा तू बरोबर म्हणायचास आणि मी चिमटा आपटायचे. कारण वडील मला शिकवत नव्हते. मुलीला कशाला, असं ते म्हणाले नाहीत कधी, पण बोलावलंही नाही. मला ती ओळ परत ऐकायची असायची. एकदा ऐकून माझ्या लक्षात राहत नसे, दोनदा ऐकली की राहायची. तू परत म्हणालास की मी पाठ करायचे. असा मी सगळा ग्रंथ शिकले, तुझ्या पाठीवर. तुला छडी बसत होती हे मला दिसत होतं आणि मी गप्प बसत होते. बरोबर असताना तू मार खात होतास आणि वडिलांना सांगायला माझी जीभ उचलली नाही.

म्हणून मला कळतं, गप्प बसणं कसं असतं ते. ते संपत नाही. मी साठीची झाले, पण चिमटा हातात घेतला की तुझी पाठ दिसते.

अधू डोळ्यांना ताण पडून तू पाळीत पेंगलास ना? त्यात काय एवढं, माणूस आहेस. मला लिहून उपयोग नाही. ज्याला घालवलंय त्याला सांग.

ईशर कौर


कोटली ढाब
१० माघ, १९७०

बेबे,

तुझं पत्र तुझ्या वहिनीकडून वाचून घेतलं, म्हणजे आता तिलाही सगळं कळलं. तिने पत्राची घडी घातली. मग म्हणाली, 'तरीच दोन वर्षं मीठ म्हणून साखर घालताय डाळीत.'

मी पेंगलो नाही. पेंगलो असतो तर बरं झालं असतं.

दोन वर्षांपासून दृष्टी कडेने बंद होत चालली आहे. आता मध्ये एक नाणं मावेल एवढी जागा उरली आहे. अमृतसरच्या डॉक्टरने सांगितलं, काचबिंदू आहे, मोतीबिंदू असता तर कापून काढला असता, हा गेलेला परत येत नाही. मी कुणाला सांगितलं नाही. पाठाला बसलो की पानाच्या सुरुवातीचे दोन शब्द त्या नाण्याएवढ्या जागेतून टिपायचे आणि पुढचं सगळं डोक्यातून म्हणत जायचं. नजर पानावर, बोट ओळीवर, बघणाऱ्याला वाटावं वाचतोय. आठवण काय, जे दार उघडाल त्यातून आत शिरते आणि चालू लागते. त्या दिवशी बोटाखाली दोन पानं आली. पहिले दोन शब्द दिसले, ओळखीचे होते, मी पुढे निघालो. मधली दोन अंगं राहिली हे मला तिथे कळलंच नाही. माई बोलली तेव्हा कळलं. त्याच क्षणी कळलं, बेबे, कमिटीने उजागरकडे बघायच्या आधी. मी बोलणार होतो, पण सगळ्यांची मान तिकडे वळली आणि मला हायसं वाटलं. ते हायसं वाटणं मला आता खाऊन टाकतंय.

मी माफी मागायला घाबरत नाही. मला भीती दुसरीच आहे. सांगितलं की पाठ सुटला. एकविसाव्या वर्षापासून या गावात मला लोक संतोख सिंग पाठी म्हणून ओळखतात. शेत तर सगळ्यांचंच आहे. पाठ गेला तर मी कोण राहतो? डोळे गेलेला एक म्हातारा, ज्याला हात धरून मोरीवर न्यायचं.

दिवसातून चारदा गुरुद्वाऱ्याच्या दारापर्यंत जातो आणि जोडे न काढता परत येतो.

तुझ्या खोट्या ठोक्यांचा मला राग यायला हवा. येत नाही. मला आठवतंय, एक ओळ मी ओळीने सहा वेळा म्हटली होती आणि रडकुंडीला आलो होतो. ती तुला आवडली होती का?

संतोख


सुलतानपूर लोधी
१७ माघ, १९७०

वीरा,

हो. फार आवडली होती. अजून आवडते.

तू पेंगलास असं मी धरून चालले होते. चुकलं माझं. आज सकाळी बेईंवर जाऊन बसले होते. बाबाजी पाण्यात शिरले तेव्हा ज्याच्याकडे ते नोकरीला होते त्या नवाबाने जाळी टाकली, माणसं उतरवली, सगळा गाव रडून मोकळा झाला. एकट्या नानकीने रडायला नकार दिला. तीन दिवसांनी बाबाजी वर आले आणि पहिलं काम काय केलं? नवाबाची नोकरी सोडली. ज्या नावाने गाव त्यांना ओळखत होतं, ते नाव त्या पाण्यातच राहिलं. मग काय ते कुणीच उरले नाहीत?

तू कोण राहतोस ते मी सांगू शकत नाही. ते तुला बाहेर आल्यावर कळेल. पण मी रडणार नाही, एवढं लक्षात ठेव.

आधी उजागरकडे जा. मग गावाकडे. उलट केलंस तर ते गावासाठी केलेलं होईल.

बेबे


कोटली ढाब
४ चेत, १९७०

बेबे,

हे अक्षर माझं नाही हे तू ओळखलं असशील. मी बोलतोय आणि उजागर सिंग लिहितोय.

मी तुझ्या वहिनीला घेऊन बसने बटाल्याला गेलो. भट्टीवर धूर इतका की मला आणि डोळसांना सारखंच दिसत होतं. उजागर विटा उचलत होता. मी त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, 'मला माहीत होतं, भाईजी.'

मी म्हटलं, काय माहीत होतं? तर म्हणाला, 'मी पाळी बदलायला येऊन शेजारीच बसलो होतो ना. तुमच्या बोटाखालून दोन पानं गेली, मी बघितलं. पण संतोख सिंगांना कोण टोकणार? तोंड उघडलं नाही. म्हणजे कमिटीने मला घालवलं ते अगदीच काही चुकीचं नव्हतं.'

'मग कमिटीसमोर का नाही बोललास?'

'वाटलं, तुम्ही बोलाल.'

इथे उजागरने लिहायचं थांबवलं होतं. मी म्हटलं, लिही, जसं बोललास तसंच लिही.

फग्गणच्या संक्रांतीला, महिन्याच्या पहिल्या दिवशी, अरदास म्हणजे प्रार्थना झाल्यावर मी जमलेल्या संगतीपुढे हात जोडून उभा राहिलो. म्हणालो, ती दोन अंगं माझ्या हातून राहिली. मला दिसत नव्हतं आणि मी लपवलं. उजागरवर आळ आला तेव्हाही लपवलं.  आणि मग पुढून माई अतर कौर म्हणाली, 'मोठ्याने बोल, मला ऐकू आलं नाही.' बेबे, ते सगळं मला दुसऱ्यांदा म्हणावं लागलं. पहिल्यांदा नुसतं म्हणून टाकलं होतं. दुसऱ्यांदा रडलो.

कुणी शिव्या दिल्या नाहीत. प्रधानांनी पगडी सारखी केली आणि म्हणाले, पाठ नव्याने करायचा. वैसाखीला. एक शिकलेला मास्तर उठून म्हणाला, जुन्या जन्मसाख्यांत, म्हणजे चरित्रपोथ्यांत, बाबाजींचा जन्म वैशाखातलाच लिहिलाय, तेव्हा आपण उशिरा नाही, आपणच वेळेवर आहोत. लोक हसले. मला ते हसणं फार बरं वाटलं.

उजागरला त्याची पाळी परत मिळाली. माझ्या पाळीचं मी सुचवलं. म्हटलं, बारा ते दोन माझी बहीण बसेल. प्रधान म्हणाले, आपल्या गावात बाई पाठाला कधी बसली नाही. यावर माई म्हणाली, 'चूक पकडायला बाई चालली ना?' तिला ते बरोबर ऐकू आलं होतं. मग प्रधानांनी तुझं नाव लिहून घेतलं.

मला पाठाच्या मागे, खांबाशी बसायला दिलंय. अठ्ठेचाळीस तास ऐकत राहायचं. कुणी चुकलं तर हातातलं कडं खांबावर वाजवायचं. मी विचारलं, किती वेळा? उजागर म्हणाला, तुम्हीच ठरवा. मी म्हटलं, एकदा.

येशील ना? आलीस तर साखर मी वेगळ्या डब्यात ठेवली आहे.

संतोख


सुलतानपूर लोधी
९ वैसाख, १९७०

संतोख वीरा,

काल सुखरूप पोहोचले. वहिनीने बांधून दिलेला गूळ भाऊजींनी बसस्टँडवरच सोडून खायला घेतला.

मला शब्दांत फारसं सांगता येत नाही, तरी सांगते. ग्रंथसाहेबांपुढे बसले. प्रधान डोळे बारीक करून बघत होते. पाठ तू बरोबर गेल्या वेळच्याच घटकेला सुरू करायला लावलास, म्हणून तीच दोन अंगं माझ्या पाळीत आली. मुद्दाम केलंस हे मला पान उलटताना कळलं. मी ते पान दोन बोटांत धरून चोळून बघितलं, एकच आहे ना. मग वाचलं. चुलीपाशी बसून शिकलेलं, पहिल्यांदा मोठ्याने, माणसांसमोर. तुझे ओठ हलत असतील हे मला मागे न बघता माहीत होतं.

आणि तेवढ्यात खांबावर तुझं कडं वाजलं. एकदा.

 मी मागे गेले, ओळ पुन्हा म्हटली आणि पुढे निघाले. पाळी संपेपर्यंत माझं लक्ष ठिकाणावर नव्हतं. तुला विचारायला धीर झाला नाही, सगळे होते. आल्या आल्या पोथी उघडून बसले. ती ओळ तीनदा बघितली. भाऊजींना हाताशी बसवून म्हणून दाखवली. शब्द, मात्रा, काहीच चुकलेलं नाही. मला कालपासून चैन नाही. मी कुठे चुकले होते?

खरं लिही.

बेबे


कोटली ढाब
१५ वैसाख, १९७०

बेबे,

तू कुठेच चुकली नव्हतीस. मला ती ओळ परत ऐकायची होती.

तुझा,
संतोख

(बेबेजी, मी उजागर. कडं वाजलं तेव्हा मी भाईजींच्या शेजारीच होतो. या वेळी मी गप्प बसलो नाही. कानात म्हणालो, बेबेजी चुकल्या नाहीत. भाईजी म्हणाले, 'माहीत आहे.')